शाळेत लेखक बोलवायचाय, पण कोणाला?

पत्र : ताई, मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. ग्रंथालयही माझ्याकडेच आहे. पहिली ते सातवी मिळून सहाशेच्या आसपास मुलं. यंदा मोठ्या बाईंनी एखाद्या लेखकाला किंवा चित्रकाराला शाळेत बोलवायचं ठरवलंय आणि निवड माझ्यावर सोपवलीय. समोर चार नावं आहेत. एक नामवंत लेखक, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या ओळखीचे. ते मोठ्यांसाठी लिहितात, पण यायला तयार आहेत, मानधनही नको म्हणतात. दुसरे एक कथाकथनकार, त्यांचा कार्यक्रम रंगतोच. तिसरी एक तरुण चित्रकार. मुलांच्या दोन पुस्तकांची चित्रं तिने काढली आहेत, पण फोनवर अगदीच कमी बोलली. चौथे आमच्याच शाळेतले एक पालक. त्यांनी स्वखर्चाने मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक छापलंय आणि ते मुलांना सवलतीत विकायची त्यांची इच्छा आहे. कार्यक्रम सगळ्या शाळेसाठी मैदानावर घ्यावा असं घाटतंय. हातात आठ हजार रुपये आहेत. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तिसरीतला एक मुलगा येतो. तो पुस्तक उघडत नाही, पण वहीच्या मागच्या पानांवर सतत चित्रं काढत असतो. त्याला यातून काही मिळेल का? कोणाला बोलावू?

प्रिय बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तिसरीतल्या मुलापाशी थांबले. त्याच्याकडे बघूनच उत्तर देते. चित्रकाराला बोलवा. मैदानावर नको, वर्गात बोलवा. आणि तिला पुन्हा फोन करण्याआधी तिची दोन्ही पुस्तकं आणून मुलांच्या हातात द्या.

मी बावीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. पहिल्याच वर्षी २७ फेब्रुवारीला आम्ही एका मोठ्या लेखकांना बोलावलं होतं. मैदानावर मांडव, पाचशे मुलं, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, आभार. लेखक मनापासून बोलले, त्यांच्यात काही कमी नव्हतं. पण आमच्या एकाही मुलाने त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. मागच्या रांगांमधली मुलं गवताच्या काड्या मोडत बसली होती आणि आम्ही शिक्षक रांगांमधून फिरत त्यांना गप्प करत होतो. पुढचा आठवडाभर मी वाट पाहिली, पुस्तक मागायला कोणीच आलं नाही. आलं असतं तरी मी काय दिलं असतं? त्यांचं पुस्तक आमच्या कपाटातच नव्हतं. ही चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि ती मला फार लागली.

नंतर काही वर्षांनी एक चित्रकार आले. त्यांचं नाव शहरात फारसं कोणाला माहीत नव्हतं. पण त्यांनी चित्रं काढलेलं एक पुस्तक आमच्या चौथीत महिनाभर हातोहात फिरत होतं. ते येताना कापडी पिशवीत नापसंत झालेली चित्रं घेऊन आले. एकाच कावळ्याची सतरा चित्रं. कुठे चोच जाड, कुठे मान आखूड, कुठे कावळा बरा पण फांदी चुकलेली. ती सगळी त्यांनी सतरंजीवर ओळीने मांडली आणि मुलांना म्हणाले, यातला पुस्तकात आलेला कावळा ओळखा. चौथीत एक मुलगी होती, ती चित्र काढताना इतकं खोडायची की कागद फाटायचा आणि मग रडायची. त्या सतरा कावळ्यांकडे बघून तिने विचारलं, "तुमचं पण चुकतं?" ते म्हणाले, "रोज." त्यानंतर तिचं खोडणं थांबलं असं मी म्हणणार नाही. पण कागद फाटला की ती दुसरा मागायला यायला लागली.

या दोन दिवसांमध्ये फरक पाहुण्यांच्या कीर्तीचा नव्हता. एकदा मुलांच्या हातात पुस्तक होतं, एकदा नव्हतं. म्हणून निवडीची सुरुवात नावांच्या यादीपासून करू नका, पुस्तकापासून करा.

त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. तिची दोन्ही पुस्तकं आणा आणि तिसरीच्या एका तुकडीला वाचून दाखवा. घाई करू नका, प्रत्येक पान शेवटच्या मुलाला दिसेल असं फिरवा. मग पुस्तकं वाचनकोपऱ्यात ठेवून द्या आणि आठवडाभर त्याबद्दल काहीही बोलू नका. 'वाचलं का', 'आवडलं का', एकही प्रश्न नको. मधल्या सुट्टीत डबा संपल्यावर कोण उचलतं, कोणतं पान पुन्हापुन्हा उघडलं जातं, दोघं-तिघं मिळून कशावर बोट ठेवतात, एवढंच पाहत राहा. आठवडाभर पुस्तक जागचं हललं नाही, तर ती चित्रकार कितीही गुणी असली तरी तुमच्या या मुलांसाठी ती निवड नाही, आणि मग माझा सल्ला बाजूला ठेवून दुसरं नाव शोधा. ते हललं, कोपरे मळले, 'बाई, ते पुस्तक कुठे गेलं?' असं कोणी विचारलं, तर निर्णय मुलांनी घेतलाच.

पुस्तक चाळताना तुम्ही स्वतः चित्रांकडे एका गोष्टीसाठी बघा. मजकुरात आहे तेवढंच चित्रात आहे का, की चित्र काही वेगळं सांगतंय? मजकूर म्हणतो, 'आई बाजारात गेली.' चित्रात आई बाजारात गेलेली दिसली तर ती सजावट झाली. पण आईच्या मागे पिशवीचा बंद दातात धरून निघालेलं कुत्र्याचं पिल्लू दिसलं, आणि पुढच्या चार पानांत ते कुठे ना कुठे दिसत राहिलं, तर त्या चित्रकाराने मुलांसाठी स्वतःची अशी एक गोष्ट लपवून ठेवलीय. मुलं ती मोठ्यांच्या आधी शोधतात. वाचायला अडखळणारं मूल तर बऱ्याचदा सगळ्यात आधी, कारण त्याची नजर अक्षरांत अडकलेली नसते. अशा चित्रकाराला बोलावलं की विचारायला खरे प्रश्न असतात. 'ते पिल्लू शेवटच्या पानावर का नाही?' हा प्रश्न शिक्षकाला लिहून द्यावा लागत नाही.

चित्रकारच का, याचं आणखी एक कारण आहे. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण पुण्यातल्या शाळांमध्ये आता अशी मुलं पुष्कळ आहेत ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत. बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली कन्नड किंवा लमाणी बोलणारी, उत्तरेकडून आलेली हिंदी-भोजपुरी बोलणारी. नामवंतांचं व्याख्यान त्यांच्या डोक्यावरून जातं. फळ्यासमोर कोणी हत्ती काढायला सुरुवात केली की पहिल्या रेषेपासून ती मुलं बाकीच्यांच्या बरोबरीने असतात.

आता तिच्या कमी बोलण्याबद्दल. त्याची काळजी मला तुमच्याइतकी वाटत नाही. अबोल माणसं मुलांमध्ये बसल्यावर पुष्कळदा मोकळी होतात, आणि चित्रकार हातात पेन्सिल असताना जास्त बोलतात. पण अंदाजावर सोडू नका. तिने आधी कुठे मुलांबरोबर काम केलंय का ते विचारा, शाळा असो, वाचनालय असो, सोसायटीतलं शिबिर असो. मग तिथल्या शिक्षकांशी बोला. 'कार्यक्रम कसा झाला?' असं विचाराल तर 'छान झाला' एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, शेवटच्या रांगेतली मुलं काय करत होती? कोणी मध्येच बोललं तर तिने काय केलं? नंतरच्या आठवड्यात पुस्तक कोणी मागितलं का? या तीन उत्तरांत सगळं येतं. कार्यक्रमाच्या व्हिडिओवर मात्र फार विसंबू नका, त्यात कॅमेरा पाहुण्यांकडे असतो, मुलांकडे नाही.

आधी कुठेच गेली नसेल तरी हरकत नाही, पहिली शाळा कोणाची तरी असतेच. तसं असेल तर तिला एकदा शाळेत चहाला बोलवा, वर्ग दाखवा, दहा मिनिटं मुलांमध्ये बसू द्या. आणि त्या बोलण्यात एक गोष्ट कान देऊन ऐका : ती तुम्हाला काय विचारते. इयत्ता कोणती, एका वेळी किती मुलं, पुस्तक वाचलंय का, फळा आहे का, मुलं खाली बसतात की बाकांवर, असे प्रश्न आले तर मनात मुलं आहेत. एकही प्रश्न आला नाही तर मला थोडी शंका वाटेल. प्रत्यक्ष दिवशी तुम्ही तिच्या शेजारी बसा. ती चित्र काढत असताना 'आत्ता हे काय केलंत?' एवढं विचारणारं माणूस हवं असतं, ते काम तुमचं. तुमच्या चित्रकलेच्या सरांनाही घ्या, त्यांना वगळल्यासारखं वाटू देऊ नका.

पैशांचं पहिल्याच फोनवर बोला. 'मुलांसाठी आहे, मानधनाचं काय ते बघू' असं म्हणणं मला अजिबात पटत नाही. मुलांच्या पुस्तकांच्या किमती कमी असतात, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या वाट्यालाही थोडंच येतं. बऱ्याच चित्रकारांना तर पुस्तकाची एकदाच ठरलेली रक्कम मिळते, मग आवृत्त्या कितीही निघोत. शाळेत येणं म्हणजे तिच्या कामाचा एक पूर्ण दिवस. तुमच्या आठ हजारांतले पाच हजार मानधन म्हणून द्या, पाचशे येण्याजाण्याचे, आणि उरलेल्या अडीच हजारांची तिचीच पुस्तकं घ्या. किंमत शंभरच्या आसपास असेल तर पंचवीसेक प्रती येतील, म्हणजे वाचताना दोन मुलांत एक. शाल, नारळ आणि पुष्पगुच्छावर जाणारा खर्चही पुस्तकांकडे वळवा. एखाद्या मुलाने काढलेलं चित्र तिला भेट द्या, तिला ते जास्त आवडेल. मानधन कसं द्यायचं, पावती आणि पॅन कार्डाचं काय, हे लेखनिकांना आधीच विचारून ठेवा. कार्यक्रमानंतर तिला चेकसाठी तीन-तीनदा फोन करावा लागू नये.

पाच हजार तिला कमी वाटले तर सत्रं कमी करा, भाव करू नका. आणखी एक मार्ग आहे : जवळची एखादी दुपारची शाळा गाठा. तुमची सकाळची असेल तर ती सकाळी तुमच्याकडे, दुपारी त्यांच्याकडे. तिचा दिवस एकच जातो, मानधन दोन शाळा मिळून देतात.

आता मैदान. मोठ्या बाईंचं म्हणणं चुकीचं नाही, 'काही मुलांनाच का, सगळ्यांना का नाही?' असं पालक विचारतात आणि उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. तुम्ही त्यांच्यापुढे असा आराखडा ठेवा. सकाळच्या परिपाठात चित्रकार दहा मिनिटं सगळ्या शाळेसमोर येईल, एखादं मोठं चित्र मोठ्या कागदावर पाच-सात रेषांत काढेल, मुलं ओळखतील. सहाशे मुलांनी तिला पाहिलं, फोटोही झाला. मग तिसरीच्या दोन तुकड्या आणि चौथीच्या दोन तुकड्या, इयत्तेप्रमाणे वेगवेगळ्या वेळी, तिच्याबरोबर बसतील. शक्य असेल तर एका वेळी एकच तुकडी, साठ-सत्तरच्या वर मुलं तर नकोतच. प्रत्येक सत्र पंचेचाळीस मिनिटं, मध्ये तिला चहा आणि थोडा श्वास. पुढच्या वर्षी पहिली-दुसरीसाठी कोणी, त्याच्या पुढच्या वर्षी पाचवी ते सातवीसाठी कोणी. तीन वर्षांत प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला एक खरी भेट येईल. मोठ्या बाईंना हा तीन वर्षांचा कागद लिहूनच द्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

आधीचे दोन-तीन आठवडे पाहुणीच्या दिवसापेक्षाही महत्त्वाचे आहेत, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

मुलांना आपलं बालभारतीचं पाठ्यपुस्तक काढायला सांगा आणि सुरुवातीच्या पानांवर, समितीच्या नावांच्या आसपास, चित्रं आणि मुखपृष्ठ कोणाचं ते शोधायला लावा. ते पुस्तक रोज दप्तरात असतं आणि हे नाव बहुतेक मुलांनी, खरं तर बहुतेक शिक्षकांनीही, कधी वाचलेलं नसतं. तुमच्या त्या मुलाला हे पान आवर्जून बघू द्या. चित्रं काढणं हे कोणाचं तरी रोजचं काम असतं, त्यासाठी नाव छापून येतं, हे त्याला अजून कोणी सांगितलं नसेल.

मग 'किशोर' मासिकाचे जुने अंक काढा. सेनापती बापट रस्त्यावरच्या आपल्या बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये ते सुरू केलं, आणि जुने अंक आता संगणकावर मोफत पाहता येतात. वेगवेगळ्या चित्रकारांनी काढलेले दोन पाऊस शेजारी ठेवा. एकाने तिरक्या रेषा मारल्या असतील, दुसऱ्याने नुसत्या छत्र्या आणि डबकी काढली असतील. कोणता पाऊस जास्त ओला वाटतो? एवढ्या एका प्रश्नावर तिसरीचा अख्खा तास जातो, मी घेतलाय.

आणि कागदाची घडी. एक कोरा कागद घ्या, तीन वेळा अर्ध्यात घडी घाला. आठ पानं झाली, म्हणजे सोळा पृष्ठं. कागद न कापता, कोपरे उचलून उचलून प्रत्येक पृष्ठावर १ ते १६ आकडे लिहायला सांगा. मग घडी उलगडा. आकडे उलटसुलट, १ च्या शेजारी १६, काही डोक्यावर उभे. छापखान्यात पुस्तक असंच मोठ्या कागदावर छापून, घडी घालून, मग कापतात. म्हणून चित्रांची पुस्तकं बहुधा सोळा, चोवीस किंवा बत्तीस पृष्ठांची असतात, सतरा पृष्ठांचं पुस्तक सहसा दिसत नाही. हे हाताने करून बघितलेलं मूल चित्रकाराला विचारतं, 'गोष्ट चौदाव्या पृष्ठावरच संपली तर तुम्ही काय करता?' आणि चित्रकार खुलते, कारण असा प्रश्न तिला मोठी माणसंही विचारत नाहीत.

तिला येताना तयार चित्रांपेक्षा कच्ची चित्रं आणायला सांगा. पेन्सिलीने केलेली छोटी छोटी आखणी, पुस्तकाची हाताने शिवलेली डमी, रद्द झालेली पानं, संपादकांनी 'हे बदला' असं लिहून परत पाठवलेला कागद. हल्ली पुष्कळ जण संगणकावरच काढतात. तसं असेल तर एकाच पानाचे पाच टप्पे छापून आणायला सांगा, छपाईचा खर्च शाळेने द्यावा. एक मात्र सांभाळा. मुलं, आणि मुलांपेक्षा मोठी माणसं, 'गणपती काढून दाखवा', 'शिवाजी महाराज काढून दाखवा', 'माझं चित्र काढा' अशी फर्माईश सुरू करतात, आणि सगळं सत्र त्यातच जातं. आधीच ठरवून ठेवा की आज आपण तिच्या पुस्तकातली माणसं आणि प्राणी काढणार.

प्रश्न मुलांचेच असू द्या. चिठ्ठ्या लिहून देऊन, हुशार मुलांना उभं करून, 'आपण लेखनाकडे कसे वळलात?' असं विचारायला लावू नका. आधीच्या आठवड्यात फळ्यावर सगळ्यांचे प्रश्न लिहा आणि मुलांनाच निवडू द्या : ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मलपृष्ठावर मिळतं तो पुसायचा, उरतील ते ठेवायचे.

उरलेल्या तिघांचं काय करायचं, हेही तुम्हाला हवंच आहे, कारण कोणाला तरी दुखवायचं तुमच्या जिवावर आलंय.

नामवंत लेखकांना नाकारू नका. त्यांना शनिवारी संध्याकाळी पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी बोलवा. ते मोठ्यांसाठी लिहितात, तर मोठ्यांशीच बोलू देत. लहानपणी घरात काय वाचलं जायचं, पुस्तक हातात कसं आलं, यावर ते बोलले तर तुमच्या पालकांना त्याची फार गरज आहे. पदाधिकाऱ्यांचाही मान राहतो. मानधन नको म्हणाले तरी येण्याजाण्याची व्यवस्था शाळेने करावी.

कथाकथनकारांना पुढच्या वर्षी पहिली-दुसरीसाठी बोलवा. रंगलेल्या कार्यक्रमाला मी कमी लेखत नाही, मुलं मनमुराद हसतात तेही हवंच. फक्त त्यांना सांगा की ज्या पुस्तकातून गोष्ट घेतली ते हातात धरूनच सांगा, म्हणजे गोष्ट संपल्यावर मुलांना कुठे जायचं ते कळतं.

पालकांच्या बाबतीत तुम्हाला ठाम राहावं लागेल. त्यांचं पुस्तक आधी पूर्ण वाचा, प्रामाणिकपणे वाचा, चांगलं निघालं तर आनंदच. पण शाळेत मुलांना पुस्तक विकायचं नाही हे आत्ताच सांगा, आणि हा नियम सगळ्या पाहुण्यांना सारखाच लावा. उद्या ऐंशी रुपये घेऊन या म्हटल्यावर वर्गात काही मुलं ते आणत नाहीत, आणि इतरांच्या हातातल्या सही केलेल्या प्रतींकडे बघत बसतात. मी ती नजर पाहिलेली आहे. सही हवीच असेल तर शाळेच्या प्रतींवर घ्या, आणि प्रत्येक मुलाने स्वतः केलेल्या खूणपट्टीवर घ्या. त्या पालकांना म्हणा, 'दादा, तुमच्या मुलाच्या वर्गात येऊन एक गोष्ट वाचून दाखवाल का?' इतर पालकही अशा वाचनाला येत असतील तर त्यांना वेगळं वाटणार नाही. येत नसतील तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण यात सूट नको. पाहुणा कोणीही असो, ओळखीचा असो वा नामवंत, तो मुलांबरोबर एकटा राहणार नाही. वर्गशिक्षक पूर्ण वेळ वर्गात हवेत, आणि वह्या तपासत नव्हे, मुलांबरोबर बसलेले. मुलांचे फोटो पाहुण्यांनी कुठे टाकायचे की नाही, हे शाळेने पालकांना विचारून ठरवावं आणि पाहुण्यांना आधी सांगावं. मुलांनी पत्रं लिहिली तर ती शाळेच्या पत्त्यावरून जावीत.

तारीख निवडताना १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, दोन्ही सोडा. त्या दिवशी प्रत्येक लिहिणाऱ्या माणसाला चार ठिकाणी बोलावणं असतं, तुमच्याकडे तो घड्याळाकडे बघत येतो. ऑक्टोबरात प्रथम सत्राच्या परीक्षाही असतात. पालखीचे दिवस, गणपतीचे दिवस पुण्यात रस्त्यांमुळे नकोत. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की कोणताच वर्ग पूर्ण भरत नाही. मला विचाराल तर दिवाळीची सुट्टी संपल्यावर, शाळा रुळल्यावरचा एखादा साधा मंगळवार किंवा बुधवार. मधल्या सुट्टीच्या आधीचं सत्र तिसरीला द्या, चौथीला नंतरचं.

पुढच्या वर्षासाठी नावं शोधायला डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावरच्या पुणे पुस्तक महोत्सवात जा. २०२३ पासून तो तिथे भरतो आहे. मुलांच्या पुस्तकांच्या दालनात अर्धा दिवस नुसत्या उभ्या राहा आणि मुलं काय उचलतात ते बघा. पुस्तकावरच्या चित्रकाराचं नाव टिपून घ्या आणि प्रकाशकाला फोन करा, ते निरोप पोचवतात. अप्पा बळवंत चौकातल्या तुमच्या नेहमीच्या दुकानदारालाही विचारा, शाळा कोणती पुस्तकं पुन्हा मागवतात हे त्यांना पाठ असतं.

पाहुणी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला लावू नका. 'आमच्या शाळेत चित्रकार आल्या होत्या' या विषयावरच्या साठ सारख्या वह्या तुम्हालाही वाचायला नकोशा होतील. वाचनकोपऱ्यात कोरे कागद, पेन्सिली आणि त्या पंचवीस प्रती ठेवा. घडी घालून पुस्तक करायचं मुलांना आता येतंच. कोणी केलं तर त्याला ग्रंथालयाच्या कपाटात जागा द्या, नोंदवहीत नाव आणि क्रमांक घाला, बाकीच्या पुस्तकांसारखं घरी न्यायला द्या. पुढच्या महिन्यात त्यातली दोन-तीन तिला बघायला पाठवा.

आणि तो मुलगा. त्याला त्या दिवशी मुद्दाम पुढे बसवू नका, नेहमीच्या जागी बसू द्या. चित्रकाराला त्याच्याबद्दल आधी सांगू नका, त्याची वही तर मुळीच दाखवू नका, ती मागची पानं त्याची स्वतःची आहेत. फक्त सत्र संपल्यावर लगेच पाहुणीला चहासाठी कार्यालयात नेऊ नका. दहा मिनिटं तिला वर्गातच, तिचे कागद आवरत बसू द्या, आणि तुम्ही दाराशी थांबा. वही घेऊन यायचं असेल तर तो तेवढ्यात येईल.

तुमची,
ताई